भिंत कुठे घालावी

२००६ सालच्या एप्रिल महिन्यात बोइंग कंपनीने अमेरिकी सरकारला दीड कोटी डॉलर दंड देण्याचे कबूल केले. वाद होता एका चिपवरून. क्यूआरएस-११ नावाची ही गायरो चिप तळहातावर मावते. वजन साठ ग्रॅमच्या आसपास, किंमत तेव्हा दोन हजार डॉलरच्या आत. विमान कोणत्या अंगाला आणि किती वेगाने वळते आहे, एवढेच तिला कळते. प्रवासी विमानांत ती राखीव उपकरणात बसवलेली होती. कॉकपिटमधले मुख्य पडदे बंद पडले तर वैमानिकाला क्षितिज दाखवायचे, हे त्या उपकरणाचे काम. पण तीच चिप मॅव्हरिक क्षेपणास्त्रातही वापरली जात होती. त्यामुळे अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात कायद्याच्या लेखी ती शस्त्राचा भाग होती, आणि २००० ते २००३ या काळात चीनसह अनेक देशांना परवान्याशिवाय विकलेली विमाने ही बेकायदा शस्त्रनिर्यात ठरली.

कायदा मोडला गेला होता, यात शंका नाही. पण दंड भरायची वेळ येईपर्यंत खुद्द नियमच बदलला होता. प्रवासी विमानाच्या उपकरणात बसवलेली ही चिप २००४ साली सरकारनेच शस्त्रांच्या यादीतून बाहेर काढली. त्याचे कारण समजायला अवघड नाही. दोन हजार डॉलरच्या चिपसाठी कोट्यवधी डॉलरचे विमान विकत घेऊन ते उघडणारा देश जगात नाही. कुंपण घातले होते वस्तूभोवती, आणि वस्तू तर कोणत्याही कुंपणातून सहज पलीकडे जाते.

सैनिकी आणि नागरी विमानविद्येत भिंत असावी का, हा प्रश्न माझ्या मते निकालात निघालेला आहे. काही ठिकाणी ती असलीच पाहिजे. खरा प्रश्न ती कुठे घालावी हा आहे. गेल्या सत्तर वर्षांत जवळपास प्रत्येक देशाने, आपण धरून, ती चुकीच्या जागी घातली. सुटे भाग, उपकरणे, संकेत यांना कुलूप लावले. ती कुलपे एकामागून एक उघडली गेली. उलट जे मोकळेपणाने वाटायला हवे होते, म्हणजे यंत्रणा कशी तपासली, ती कुठे फसली, कोणत्या शंकेमुळे दुसरा सेन्सर बसवला, ते मात्र फायलींत बंद राहिले. या दुसऱ्या भिंतीची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे.

उडणाऱ्या कोणत्याही यंत्राला तीन प्रश्नांची उत्तरे सतत हवी असतात. मी आत्ता कुठे आहे? जायचे तिथे कोणत्या वाटेने जाऊ? आणि त्या वाटेवर राहण्यासाठी पंखांचे, शेपटीचे, इंजिनाचे या क्षणी काय करू? मुंबईहून नागपूरला निघालेले विमान असो की जहाजावरून सुटलेले क्षेपणास्त्र, प्रश्न हेच असतात आणि गणितही हेच. फरक पडतो तो अखेरच्या काही सेकंदांत. एकाला धावपट्टीवर अलगद टेकायचे असते, दुसऱ्याला लक्ष्यावर आदळायचे असते. त्याआधीचा सगळा प्रवास सामाईक असतो, आणि या विद्येचा इतिहासही म्हणूनच सामाईक आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या कोणत्याही मदतीशिवाय देण्याचे तंत्र एमआयटीचे प्राध्यापक चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी सिद्ध केले. डोळे मिटून एसटीत बसलेल्या माणसालाही गाडी कधी वळली, कधी वेग पकडला, कधी थांबली हे अंगाला कळते; तेच काम गायरो आणि त्वरणमापक अतिशय बारकाईने करतात, आणि त्याची बेरीज करत राहिले की आपण निघालो तिथून किती दूर आणि कोणत्या दिशेला आलो हे निघते. फेब्रुवारी १९५३ मध्ये ड्रेपर यांनी बी-२९ बॉम्बर विमानात सव्वा टनाच्या आसपास वजनाची अशी यंत्रणा ठेवून मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत उड्डाण केले. हेतू उघड लष्करी होता, कारण शत्रूला जाम करता येणार नाही असे दिशादर्शन हवे होते. ड्रेपर यांच्याच प्रयोगशाळेने पुढे पोलॅरिस क्षेपणास्त्राची मार्गदर्शन यंत्रणा केली, आणि अपोलो यानाचा संगणकही तिथेच घडला. १९७० साली सेवेत आलेल्या बोइंग ७४७ मध्ये अशीच यंत्रणा होती; तिला जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा म्हणतात. महासागर ओलांडणाऱ्या विमानातला नॅव्हिगेटर तिच्यामुळे हळूहळू कॉकपिटमधून गेला. क्षेपणास्त्रासाठी शोधलेली विद्या अवघ्या सतरा वर्षांत सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांना अटलांटिकपार नेऊ लागली. त्याने अमेरिकेची सुरक्षा कमी झाली, असे कोणी दाखवून दिलेले नाही.

जीपीएसची कहाणी याहून बोलकी आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान अलास्कातल्या अँकरेजहून सोलकडे जात होते. त्यात जडत्वीय यंत्रणा होती, एक सोडून तीन. पण ऑटोपायलट त्या यंत्रणेशी जोडला न जाता एका ठरलेल्या दिशेवरच चालत राहिला. विमान हळूहळू मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरले, आणि साखालिनजवळ लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली. त्याच महिन्यात रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की, सैन्यासाठी उभारली जात असलेली जीपीएस व्यवस्था तयार झाल्यावर नागरी वापरासाठी मोफत खुली राहील.

ती खुली झाली, पण अर्धीच. नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली होती. नागरी रिसीव्हर शंभर मीटरपर्यंत चुकावा आणि अचूकता सैन्यापाशी राहावी, असा बेत. १९९१ च्या आखाती युद्धात या बेताचे काय झाले ते पाहा. वाळवंटात उतरलेल्या अमेरिकी सैन्याकडे लष्करी रिसीव्हर पुरेसे नव्हते. सैनिकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर बाजारात मिळणारे नागरी रिसीव्हर होते. त्यामुळे संरक्षण खात्याला स्वतःच्याच सैनिकांसाठी ती मुद्दाम घातलेली चूक काढून घ्यावी लागली. युद्ध संपल्यावर चूक परत घातली. मग अमेरिकेच्याच तटरक्षक दलाने आणि विमान वाहतूक खात्याने जमिनीवर केंद्रे उभारून ती चूक दुरुस्त करणारे संकेत पाठवण्याचे काम हाती घेतले. एकाच सरकारचा एक हात बिघडवत होता आणि दुसरा दुरुस्त करत होता. शेवटी १ मे २०००च्या मध्यरात्री बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक कायमची बंद झाली आणि नागरी रिसीव्हर वीसेक मीटरपर्यंत नेमका झाला. आज आपल्या फोनमधला नकाशा चालतो, रिक्षा दारात येते, ती त्या रात्रीमुळे.

या प्रकरणात एक कुंपण मात्र टिकले, आणि ते का टिकले हे समजून घेण्यासारखे आहे. निर्यातबंदीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, सेकंदाला ६०० मीटरपेक्षा जास्त वेगाने जाताना स्थान सांगू शकणारा हवाई रिसीव्हर नियंत्रित वस्तू मानला जातो. सामान्य रिसीव्हर त्या वेगाला गप्प बसतो. प्रवासी विमान या वेगाच्या निम्म्यावरही पोचत नाही. लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र तो सहज ओलांडते. हे कुंपण चिपभोवती घातलेले नाही. ते वापराभोवती घातलेले आहे, जिथे नागरी गरज संपते आणि फक्त शस्त्राची गरज उरते नेमक्या त्या रेषेवर. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, कोळ्याची होडी, विमान, फोन यांपैकी कशालाही त्याची झळ लागत नाही. भिंत घालायची तर अशी अरुंद घालावी, असे माझे म्हणणे आहे.

आता समोरची बाजू. ती दुबळी नाही, आणि तिच्याकडे पुरावाही आहे. १९९६च्या फेब्रुवारीत चीनचे लाँग मार्च ३बी रॉकेट इंटेलसॅट ७०८ हा उपग्रह घेऊन उडाले, काही सेकंदांत कलंडले आणि प्रक्षेपणतळाजवळच्या डोंगरावर आदळले. उपग्रह बनवणाऱ्या लोरल या अमेरिकी कंपनीने आणि विमा कंपन्यांच्या आग्रहावरून बसलेल्या तज्ज्ञांच्या समितीने अपघाताची चिकित्सा केली. दोष जडत्वीय मार्गदर्शन यंत्रणेत होता. चिनी अभियंत्यांनी दिलेले कारण अपुरे आहे, दोष दुसऱ्या चौकटीत शोधा, असे समितीने सुचवले, आणि तो अहवाल परवान्याशिवाय चीनच्या हाती पडला. रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांची मार्गदर्शन यंत्रणा भावंडांसारखीच, तेव्हा चीनच्या क्षेपणास्त्रांना यातून मदत झाली, असा आरोप अमेरिकी काँग्रेसच्या कॉक्स समितीने केला. लोरलने पुढे मोठा दंड भरून प्रकरण मिटवले.

हा आक्षेप मी झटकून टाकत नाही, कारण आपल्या घरातही त्याचे उदाहरण आहे. १९८० साली रोहिणी उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या एसएलव्ही-३ या नागरी रॉकेटचा घन इंधनाचा पहिला टप्पाच २२ मे १९८९ रोजी उडालेल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा होता. दोन्ही प्रकल्पांच्या नेतृत्वात डॉ. अब्दुल कलाम होते. अग्नीच्या चाचणीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. पण नागरी अवकाश कार्यक्रमातून क्षेपणास्त्र निघू शकते ही पाश्चात्त्य देशांची भीती निराधार नव्हती, हेही त्याच चाचणीने दाखवून दिले. १९८७ साली स्थापन झालेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाने आपल्याला जी दारे बंद केली, ती केवळ द्वेषापोटी केली असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. आज, २०१६ पासून, त्याच गटाचे आपण सदस्य आहोत आणि तीच दारे इतरांसाठी सांभाळतो.

मग माझे म्हणणे कुठे उरते? परिणामांत उरते. लोरल प्रकरणानंतर अमेरिकेने १९९९ पासून सगळ्याच व्यापारी उपग्रहांना शस्त्रांच्या यादीत टाकले, अगदी साध्या दूरसंचार उपग्रहालाही. त्यामुळे चीनची मार्गदर्शन विद्या थांबली नाही. लाँग मार्च रॉकेटे पुढे जगातल्या भरवशाच्या रॉकेटांत गणली जाऊ लागली. मात्र युरोपातल्या कारखान्यांनी अमेरिकी सुटा भागच नसलेले उपग्रह बनवून विकले आणि अमेरिकी उद्योगाचा बाजार घटला. अखेर २०१४ साली अमेरिकेने बहुतेक व्यापारी उपग्रह पुन्हा साध्या निर्यात यादीत आणले. एका अहवालाची गळती रोखण्यासाठी अख्ख्या उद्योगाभोवती भिंत घातली, आणि तिचा उपयोग झाला तो स्पर्धकांना.

आपल्या बाबतीत तर बंद दाराने उलटेच घडवले. तेजस हे विमान मुद्दामच अस्थिर घडवलेले आहे. चपळ वळता यावे म्हणून त्याचा तोल असा ठेवला आहे की संगणकाने सेकंदाला अनेकदा पंखांची पाती सावरली नाहीत, तर ते क्षणभरही सरळ उडू शकणार नाही. अशा विमानाचे नियंत्रण सूत्र लिहिणे हे या प्रकल्पाचे सगळ्यात अवघड काम होते. ते १९९२ पासून बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत जमवलेल्या गटाने हाती घेतले. ही प्रयोगशाळा संरक्षण खात्याची नाही. ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे पूर्णपणे नागरी संस्था आहे. सूत्रांची एक चाचणी १९९६ साली अमेरिकेत, हवेत दुसऱ्या विमानासारखे वागू शकणाऱ्या एका खास एफ-१६ विमानावर झाली. १९९८च्या मे महिन्यात पोखरणचे अणुस्फोट झाले तेव्हा आपले अभियंते न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे लॉकहीड मार्टिनच्या सहकाऱ्यांबरोबर काम करत होते. निर्बंध आले, दारे बंद झाली, त्यांना परत यावे लागले, साहित्य तिथेच राहिले. उरलेले काम बेंगळुरूत झाले. ४ जानेवारी २००१ रोजी राजीव कोठियाल यांनी तेजस उडवले, आणि २०२४ सालापर्यंत त्याचे एकही विमान पडले नाही.

या घटनेतून बहुतेक जण स्वावलंबनाचा धडा घेतात. तो बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. देशाच्या लढाऊ विमानाचा मेंदू एका नागरी प्रयोगशाळेत लिहिला गेला. सैनिकी आणि नागरी यांच्यातली भिंत आपण त्या एका कामापुरती बाजूला सारली, तेव्हा आपल्याला जमले. मग ती कायमची का सारत नाही?

हे विचारतो, कारण सैनिकीकडून नागरीकडे जाणारा उलट प्रवाह आपल्याकडे वाहतच नाही. १९७२ साली नासाने एफ-८ लढाऊ विमानातले यांत्रिक दुवे काढून, उरलेला अपोलोचा संगणक बसवून, निव्वळ संगणकाच्या आधारे ते उडवले. संगणकच वापरा ही सूचना नील आर्मस्ट्राँग यांची होती, कारण चंद्रावर उतरताना त्यांनी याच संगणकावर भिस्त ठेवली होती. त्या प्रयोगाचे अहवाल खुले होते. ते लढाऊ विमानांना उपयोगी पडले, तसे अंतराळ शटललाही पडले. पुढे १९८७ साली पहिल्यांदा उडालेले एअरबस ए-३२० हे संपूर्ण डिजिटल नियंत्रणाचे पहिले प्रवासी विमान आले. इंडिगोच्या ताफ्यातली बहुतेक विमाने याच कुळातली. म्हणजे पुण्याहून दिल्लीला जाणारा प्रवासी रोज एका लढाऊ विमानावरच्या प्रयोगाच्या जोरावर जातो. आपल्या तेजसच्या नियंत्रणातून आपले कोणते नागरी विमान निघाले? एकही नाही.

आणि तरीही विद्या वाटून घेणे पुरेसे नसते. या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा तो हाच, म्हणून बोइंग ७३७ मॅक्सच्या घटनेवर थोडे थांबतो.

मॅक्सचे इंजिन मोठे होते आणि पंखांच्या पुढे सरकवलेले होते. त्यामुळे काही प्रसंगी विमानाचे नाक नको तेवढे वर जाण्याचा कल होता. त्यावर उपाय म्हणून एमकॅस नावाचे सॉफ्टवेअर बसवले. नाक फार वर जाते आहे असे सेन्सरने सांगितले की हे सॉफ्टवेअर शेपटीवरचे पाते हलवून नाक खाली ढकलत असे. ही कल्पना कंपनीला नवी नव्हती. अमेरिकी हवाई दलासाठी बांधलेल्या केसी-४६ या हवेत इंधन भरणाऱ्या विमानात याच नावाची यंत्रणा आधीच होती. पण तिथे ती दोन सेन्सरांवर चालत होती, आणि वैमानिकाने दांडा आपल्याकडे ओढला की ती मागे सरत असे.

मॅक्समध्ये ती एकाच सेन्सरवर चालवली. वैमानिकाने दांडा ओढला तरी ती थांबत नसे, उलट काही सेकंदांनी पुन्हा नाक खाली ढकलत असे. पाते हलवण्याची तिची मर्यादा मूळ कागदांत ०.६ अंश होती, प्रत्यक्षात ती २.५ अंश झाली. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहिती नव्हती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे विमान जकार्ताहून उडाले. डावा सेन्सर खोटे बोलत होता. त्याच्या आकड्यात वीसहून अधिक अंशांची चूक होती. एमकॅसने वीसहून अधिक वेळा नाक खाली ढकलले, वैमानिकाने तितक्याच वेळा वर ओढले, आणि अखेर विमान जावा समुद्रात गेले. १८९ माणसे गेली. विमानाचा कप्तान भारतीय होता. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात तेच घडले. आणखी १५७ माणसे.

नियंत्रण विद्येची देवाणघेवाण झाली होती, पण अर्धीच. सैनिकी विमानातून सूत्र आले, नाव आले. मागे राहिली ती शंका, जिच्यापोटी तिथल्या अभियंत्यांनी दुसरा सेन्सर बसवला होता आणि अखेरचा शब्द माणसाच्या हातात ठेवला होता. हे ज्ञान एकाच कंपनीच्या दोन विभागांतच होते. इथे निर्यातबंदी नव्हती, शत्रू नव्हता. तरीही ते पलीकडे पोचले नाही, कारण सूत्र जाते तसे त्यामागचे कारण आपोआप जात नाही. ते मुद्दाम लिहून, समोर बसून, प्रश्न विचारून पोचवावे लागते. दुरुस्ती होऊन मॅक्स पुन्हा उडू लागले. मुंबईतून कारभार चालवणाऱ्या अकासा एअरचा सगळा ताफा याच विमानांचा आहे. ही विमाने आता सुरक्षित आहेत ती दुसऱ्या सेन्सरची तुलना आणि वैमानिकाचा वरचष्मा परत आणल्यामुळे, म्हणजे केसी-४६ मध्ये जे पहिल्यापासून होते तेच परत आणल्यामुळे.

ड्रोनच्या युगात प्रवाहाची दिशा उलटली आहे, हे इथे नोंदवायला हवे. आर्डूपायलट हे ड्रोनचे मुक्त सॉफ्टवेअर हौशी लोकांनी २००९च्या सुमारास सुरू केले. १ जून २०२५ रोजी युक्रेनने रशियातल्या हवाई तळांवर लाकडी घरकुलांत दडवलेले ड्रोन सोडून हल्ला केला, तेव्हा त्यांत हेच सॉफ्टवेअर होते. त्याच जातीचे ऑटोपायलट महाराष्ट्रातली गावठाणे मोजतात. स्वामित्व योजनेत गावातल्या घराघराला मिळणारी मालमत्ता पत्रिका अशा ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांवरून तयार होते. जगभर कोणालाही उतरवून घेता येणाऱ्या सूत्राला कुलूप लावण्याचा विचारच निरर्थक आहे. त्यामुळे कोणाकडे विद्या आहे यापेक्षा कोणाची विद्या जास्त तपासलेली आहे, यावर सुरक्षा ठरू लागली आहे.

आपल्या देशात तर हे दोन्ही वापर एकाच जमिनीवर होतात. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे. सुखोई आणि प्रवासी विमाने एकाच धावपट्टीवरून उडतात, एकाच आकाशात एकमेकांची वाट पाहतात. आकाश सामाईक असल्याने संकटही सामाईक होते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू भागात, जीपीएस संकेतात ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटनांची नोंद झाली, अशी माहिती नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. खोटा संकेत पाठवणाऱ्याला समोरचे विमान लढाऊ आहे की प्रवासी, याने फरक पडत नाही. दोघांचेही दिशादर्शन सारखेच बिघडते.

यावरचे उपाय मात्र दोन वेगळ्या कपाटांत आहेत. खोटा संकेत ओळखण्याची, जीपीएस गेल्यावर जडत्वीय यंत्रणेवर तग धरण्याची सगळ्यात चांगली विद्या हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळांत आणि इस्रोच्या तिरुवनंतपुरममधल्या जडत्वीय प्रणाली केंद्रात आहे. नागरी बाजूला इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली गगन यंत्रणा आहे, जी जीपीएसचा संकेत दुरुस्त करून छोट्या विमानतळावरही विमानाला धावपट्टीपर्यंत आणते. एप्रिल २०२२ मध्ये किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान या पद्धतीने उतरले. कोल्हापूर, जळगाव, नांदेड, सिंधुदुर्ग अशा विमानतळांना पावसाळ्यात याच गोष्टीची गरज आहे. पण गगन स्वतः जीपीएसवर उभी आहे. मूळ संकेतच कोणी दाबला तर तीही आंधळी. आपली स्वतःची, नाविक नावाची उपग्रह दिशादर्शन व्यवस्था आहे, तिच्यात लष्करासाठी राखीव आणि सगळ्यांसाठी खुली अशा दोन सेवा आहेत, आणि ही रचना मला अगदी योग्य वाटते. पण पहिल्या पिढीच्या उपग्रहांतली परदेशातून आणलेली अणुघड्याळे बंद पडत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. ही व्यवस्था बळकट करणे हे लष्कराचे काम की नागरी खात्याचे, हा वाद घालण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

माझी मागणी नेमकी आहे. लक्ष्य कसे ओळखायचे, शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर कशी झडप घालायची, लष्करी संकेताच्या किल्ल्या कोणत्या, हे सगळे बंदच राहावे, आजच्यापेक्षाही कडेकोट. त्याच्या अलीकडचे सारे, म्हणजे सेन्सरची विश्वासार्हता, एक बिघडला तर दुसऱ्याने निर्णय कसा घ्यावा, सॉफ्टवेअर कसे तपासावे, वैमानिकाचा हात आणि संगणक यांची ओढाताण कशी टाळावी, हे लष्करी प्रमाणन करणाऱ्या सेमिलॅक या संस्थेने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एका टेबलावर बसून, लेखी स्वरूपात, एकमेकांना आणि देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना द्यावे. स्वीडनची दोन ग्रिपेन लढाऊ विमाने १९८९ आणि १९९३ साली पडली. दोन्ही वेळा वैमानिकाचा हात आणि संगणक एकमेकांच्या विरुद्ध ओढू लागले होते. दुसरा अपघात तर स्टॉकहोममध्ये हजारोंच्या देखत झाला. त्या अपघातांची चिकित्सा जगभरच्या अभियंत्यांनी वाचली, आणि त्याने स्वीडनचे संरक्षण कमकुवत झाले नाही.

६ मार्च २००९ रोजी बिदादीजवळ सारस या नागरी विमानाचा दुसरा नमुना पडला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. विमान नागरी असल्याने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हवेत बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याची पद्धतच चुकीची आखली होती आणि ती अपुऱ्या उंचीवर वापरली गेली, हे कोणत्याही विद्यार्थ्याला त्यात वाचता येते. २०२४ साली जैसलमेरजवळ आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस पडले. दुबईत वैमानिक गेला. या दोन चौकशा हवाई दलाच्या आहेत. दोष कोणाचा, शिक्षा कोणाला, हा भाग बंद ठेवण्याला माझी हरकत नाही. पण यंत्रणा कशी वागली आणि का वागली, हा तांत्रिक भाग वेगळा काढून बेंगळुरूच्या त्या नागरी प्रयोगशाळेच्या, महासंचालनालयाच्या आणि उद्या आपले प्रवासी विमान बांधू पाहणाऱ्या तरुणांच्या हाती यंदाच पडला पाहिजे.